चार्लस बॅबेज व त्यांचीं गणकयंत्रें

आमच्या शाळेंतील संगणकाच्या खोलींत बसणाऱ्या कोणत्याहि विद्यार्थ्याला त्या यंत्राचे अवयव विचारले, तर तो ते बोटांवर मोजून सांगेल. आंकडेमोड करणारा भाग एक, आंकडे सांठवून ठेवणारी स्मृति दुसरी, हुकूम आंत पोंचविण्याचें साधन तिसरें, आणि उत्तर दाखविणारा पडदा किंवा तें कागदावर उमटविणारें मुद्रणयंत्र चवथें. ही वांटणी आतां इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, ती कधीं काळीं कोणी तरी प्रथम योजिली असेल हें ध्यानांतहि येत नाहीं. ज्यांनीं ती योजिली ते गृहस्थ १८७१ सालीं वारले. त्यांच्या काळीं घरांत विजेचा दिवा नव्हता, आणि त्यांच्या यंत्राचीं चाकें फिरविण्यास मनुष्याचा हात किंवा वाफ ह्यांखेरीज दुसरी शक्ति नव्हती. आपल्या हयातींत त्यांनीं एकहि मोठें यंत्र पुरें केलें नाहीं. तरीहि त्यांची हकीकत आमच्या मुलामुलींनीं ऐकण्यासारखी आहे, म्हणून ती येथें देण्याचें योजिलें आहे.

चार्लस बॅबेज ह्यांचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजीं लंडन येथें झाला. वडील बेंजामिन बॅबेज हे पेढीवाले असून त्यांचें घराणें मूळचें डेव्हन परगण्यांतील. घरीं पैशाची ददात नव्हती. परंतु मुलाची प्रकृति नाजूक. एका मोठ्या तापानंतर त्याला एक्झीटर शहराजवळ एका धर्मोपदेशकाच्या शाळेंत ठेवण्यांत आलें, व त्याच्या डोक्यांत फार विद्या कोंबूं नये अशी ताकीदहि देण्यांत आली. नवें खेळणें हातीं आलें कीं ह्याच्या आंत काय आहे, हा चार्लसचा पहिला प्रश्न असे. आणि उत्तर मनासारखें न मिळाल्यास खेळणें फोडून पाहण्यांत येई. अशा मुलांच्या आईबापांना किती त्रास होतो हें आमच्या पालकवर्गास सांगणें नको! चार्लसच्या आईनें मात्र त्याला एकदां लंडनमधील एका कारागिराच्या यांत्रिक बाहुल्यांच्या प्रदर्शनास नेलें. तेथें रुप्याची एक नर्तकी होती. तिच्या हातावरील पक्षी शेपटी हलवी व चोंच उघडी. ती बाहुली त्या मुलाच्या मनांत कायमची बसली. पुढें १८३४ सालीं, स्वतः प्रसिद्ध झाल्यावर, बॅबेज ह्यांनीं ती लिलावांत विकत घेतली, आपल्या हातांनीं दुरुस्त केली आणि घरच्या दिवाणखान्यांत मांडून ठेविली.

एन्फील्डच्या शाळेंत असतां हा मुलगा एका सोबत्यासह पहांटे तीन वाजतां उठे, वर्गांत विस्तव पेटवी आणि उजाडेपर्यंत गुपचूप बीजगणित करी. पुढें ही चोरी उघडकीस आली. अशी चोरी सांपडल्याचें कोणाहि शिक्षकास फारसें दुःख होईल असें वाटत नाहीं.

१८१० सालीं तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत दाखल झाला, तेव्हां त्याचें गणित तेथील कित्येक अध्यापकांपुढें गेलेलें होतें. न्यूटनच्या अभिमानानें इंग्लंडचे गणिती त्याचीच जुनी लेखनपद्धति धरून बसले होते, व युरोपांतील नवें गणित त्यांस परकें झालें होतें. बॅबेज, जॉन हर्शेल व जॉर्ज पीकॉक ह्या तरुणांनीं १८१२ सालीं एक मंडळी स्थापून ती कोंडी फोडण्यास आरंभ केला. १८१४ सालीं बॅबेज पदवीधर झाले, त्याच वर्षीं जॉर्जियाना व्हिटमोर ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, आणि १८१६ सालीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, ते रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. आमच्या वाचकांच्या पालकांपैकीं ज्यांनीं विज्ञानशाखेची परीक्षा दिली असेल, त्यांस लॉगॅरिथमच्या कोष्टकांची पुस्तिका आठवत असेलच. त्या काळीं अशा कोष्टकांवर जहाजें चालत, विम्याचे दर ठरत, ज्योतिषी आकाशाचीं मापें घेत. कोष्टकें तयार करण्यासाठीं माणसें पगारी ठेवीत, आणि इंग्रजींत 'कंप्यूटर' हा शब्द तेव्हां ह्या आंकडेमोड्या माणसांनाच लावीत. माणूस म्हटला कीं चूक आलीच. एकानें हिशेब चुकवावा, दुसऱ्यानें नक्कल करतांना ७ चा १ करावा, आणि छापखान्यांतील जुळाऱ्यानें खिळा उलटा बसवावा. एवढ्याशा आंकड्याच्या भरंवशावर समुद्रावरील खलाशांचे प्राण असत. १८२१ सालीं बॅबेज व हर्शेल हे दोघे अशींच ज्योतिषाचीं कोष्टकें ताडून पाहत बसले असतां एकामागून एक चुका निघूं लागल्या, तेव्हां हें काम वाफेच्या यंत्राकडून करून घेतां येईल तर किती बरें, असा उद्गार बॅबेज ह्यांच्या तोंडून निघाला. तेवढ्यावर ते थांबले नाहींत. दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं एक लहान नमुना तयार केला, व १८२३ सालीं इंग्लंडच्या सरकारनें ह्या कामास १,५०० पौंड मंजूर केले.

ह्या पहिल्या यंत्राचें तत्त्व सहावींतील मुलासहि समजेल. १, ४, ९, १६, २५ ह्या वर्गसंख्या घ्या. लागोपाठच्या दोहोंतील फरक काढला तर ३, ५, ७, ९ असे येतात. आणि त्या फरकांचे पुनः फरक काढले तर दर वेळीं २ च येतात. म्हणजे पुढील वर्ग काढण्यास गुणाकाराचें कारणच नाहीं. ९ मध्यें २ मिळवून ११, आणि २५ मध्यें ११ मिळवून ३६. बहुतेक कोष्टकें ह्याच रीतीनें केवळ बेरजांनीं तयार होऊं शकतात, आणि बेरीज तर दांत्यांच्या चाकालाहि करतां येते. चाकाच्या कडेवर ० पासून ९ पर्यंत आंकडे. अशीं चाकें एकावर एक रचून एक स्तंभ केला कीं एक संख्या झाली. एक स्तंभ दुसऱ्यास ढकलतो, आणि बेरीज होते. ह्या यंत्रास फरकयंत्र असें म्हणतां येईल.

परंतु बॅबेज ह्यांची खरी दूरदृष्टि आंकडेमोडींत नव्हे, तर ती मुद्रणांत दिसून येते. यंत्रानें बरोबर उत्तर काढलें आणि माणसानें तें चुकीचें उतरून घेतलें, तर यंत्राचा उपयोग काय? म्हणून उत्तर यंत्रानेंच ठशांत दाबावें, व त्या ठशावरून पानें छापावीं, अशी त्यांची योजना पहिल्यापासून होती. आज प्रिंटर ही संगणकाच्या कडेला ठेवण्याची वस्तु मानली जाते. बॅबेज ह्यांच्या लेखीं तो यंत्राचा निम्मा प्राण होता.

काम जोसेफ क्लेमेंट नांवाच्या अत्यंत कुशल कारागिराकडे सोंपविण्यांत आलें. सुमारे २५,००० भाग लागणार होते, आणि एकसारखे भाग हजारोंनीं करण्याची कला त्या वेळीं बाल्यावस्थेंत होती. हत्यारें आधीं निर्माण करावीं व मग भाग, असा प्रकार चालला. अशांत १८२७ साल उजाडलें. त्या एका वर्षांत बॅबेज ह्यांचे वडील, एक मुलगा, पत्नी व नवजात बालक अशीं चार माणसें देवाघरीं गेलीं. मित्रांच्या सांगण्यावरून ते प्रवासास निघून गेले. परदेशीं असतांनाच, एके काळीं न्यूटननें भूषविलेलें केंब्रिजचें गणिताचें अध्यापकपद आपणांस मिळाल्याची वार्ता त्यांस कळली. तें पद त्यांनीं १८३९ पर्यंत सांभाळलें, पण तेथें एकहि व्याख्यान दिलें नाहीं. शिक्षकाच्या नात्यानें ही गोष्ट आम्हांस मुळींच रुचत नाहीं. तथापि खरें तें सांगितलें पाहिजे.

१८३२ च्या अखेरीस यंत्राचा सुमारे सातवा हिस्सा जोडून तयार झाला. त्यांत दोन हजारांच्या आसपास भाग होते, आणि तो सुरेख चाले. पुढच्याच वर्षीं कारखाना आपल्या घराजवळ आणण्यावरून व बिलांवरून बॅबेज आणि क्लेमेंट ह्यांचें बिनसलें. क्लेमेंटनें माणसें काढून टाकलीं, आणि त्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणें त्या कामासाठीं केलेलीं हत्यारें त्याच्याच मालकीचीं राहिलीं. तोंपर्यंत सरकारचे सुमारे १७,००० पौंड खर्च झाले होते. त्या काळीं आगगाडीचें एक चांगलें इंजिन आठशें पौंडांच्या आंत होत असे, ह्यावरून ही रक्कम केवढी तें समजेल.

जोडलेला तो तुकडा बॅबेज ह्यांच्या दिवाणखान्यांत रुप्याच्या नर्तकीच्या शेजारच्या खोलींत ठेवलेला असे. त्यांच्याकडे शनिवारीं सायंकाळीं मोठमोठे लोक जमत; डार्विन व डिकन्स हेहि त्यांत असत. बहुतेक पाहुणे नर्तकीभोंवतीं गर्दी करीत, आणि यंत्राकडे थोडेच वळत, ह्याचें यजमानास वैषम्य वाटे. जे वळत त्यांना ते एक चमत्कार दाखवीत. यंत्र एका साध्या नियमानें संख्या दाखवीत जाई. पाहणाऱ्याची खात्री पटे कीं हाच क्रम पुढें चालणार. आणि मग एकाएकीं, कोणीहि हात न लावतां, भलतीच संख्या येई. तें यंत्र बिघडलेलें नसे. तो फरक आरंभींच त्यांत योजून ठेवलेला असे.

ह्यावरून त्यांनीं जें अनुमान काढलें तें आमच्यासारख्या ख्रिस्ती शाळेच्या वाचकांस विशेष मनोरंजक वाटेल. सृष्टींत दिसून येणाऱ्या ईश्वरी शक्तीविषयीं, ज्ञानाविषयीं व चांगुलपणाविषयीं आठ ग्रंथ लिहून घेण्यासाठीं ब्रिजवॉटरच्या उमरावानें मृत्युपत्रांत पैसे ठेविले होते. त्यांपैकीं एका ग्रंथांत व्ह्यूवेल ह्या विद्वानानें असें सुचविलें कीं, ह्या विषयांत गणितज्ञांकडून प्रकाश मिळण्याची फारशी आशा धरूं नये. बॅबेज ह्यांना हें झोंबलें. त्यांस कोणी बोलाविलें नव्हतें, तरी त्यांनीं १८३७ सालीं आपणहून नववा ग्रंथ लिहिला. अद्भुत कृत्य म्हणजे निसर्गनियमांचा भंग होय असें मानण्याचें कारण नाहीं. ज्यानें नियम घातले त्यानेंच तो अपवादहि आरंभापासून आपल्या योजनेंत घातलेला असूं शकेल, असा त्यांचा युक्तिवाद. हा विचार सर्वांस पटेल असें नाहीं, आणि ईश्वरास यंत्रकारागिराच्या मापानें मोजणें आम्हांसहि थोडें तोकडें वाटतें. पण पितळी चाकांपुढें बसून एखाद्या माणसानें असा विचार करावा, हें त्याच्या मनाच्या आवाक्याचें द्योतक आहे.

पहिलें यंत्र अडून पडलें असतांच, १८३४ सालीं, त्यांना दुसरी कल्पना सुचली, आणि तीमुळेंच आज त्यांचें नांव राहिलें आहे. फरकयंत्र एकच काम जाणतें. सांगावें तें काम करणारें यंत्र कां होऊं नये? ह्या नव्या यंत्राचे, ज्याला आपण विश्लेषकयंत्र म्हणूं, त्यांनीं दोन मुख्य भाग पाडले आणि त्यांना नांवेंहि घरगुतींच दिलीं. एक कोठार व दुसरी गिरणी. शेतकऱ्याच्या घरीं धान्य कोठारांत असतें, लागेल तेवढें गिरणींत जातें आणि पीठ होऊन परत येतें; तसेंच येथें संख्यांचें. कोठारांत चाकांच्या स्तंभांवर संख्या थांबून राहाव्या. एके ठिकाणीं त्यांनीं हजार संख्या, प्रत्येकी पन्नास आंकड्यांची, एवढ्या कोठाराची गोष्ट केली आहे. गिरणींत त्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार व्हावा, आणि उत्तर पुनः कोठारांत जावें. आजची मेमरी तें कोठार, आणि प्रोसेसर ती गिरणी.

ह्या गिरणीला हुकूम कसे द्यावे? येथें विणकर मदतीस आला. फ्रान्समधील जॅकार्ड ह्याच्या मागांत भोंकें पाडलेले पुठ्ठे दोऱ्यानें ओंवून माळ केलेली असे. भोंक असेल तेथें सुई आंत जाई, नसेल तेथें अडे, आणि त्याप्रमाणें ताण्याचे धागे उचलले जाऊन नक्षी उमटे. आमच्या सोलापुरी चादरीवरील फुलें ह्याच जॅकार्डच्या युक्तीनें विणलेलीं आहेत. बॅबेज ह्यांनीं तेच पुठ्ठे आपल्या यंत्रास लावण्याचें ठरविलें. कांहीं पुठ्ठे कोणती क्रिया करावी हें सांगतील, कांहीं कोठारांतील कोणती संख्या घ्यावी हें सांगतील, आणि कांहींवर प्रत्यक्ष संख्याच असतील. मधल्या उत्तरावरून पुढची वाट निवडण्याची सोयहि त्यांत होती. एखादें लॉगॅरिथम हवें झालें तर यंत्र घंटा वाजवील. सेवकानें तें कोष्टकाचें कार्ड आणून द्यावें. आणि त्यानें चुकीचें कार्ड आणल्यास यंत्र तें ओळखून अधिक मोठी घंटा वाजवील! उत्तर बाहेर येण्याच्या वाटाहि अनेक. कागदावर छापणें, ठसा काढणें, नव्या कार्डांना भोंकें पाडणें, व वक्ररेषा काढून दाखविणें.

सर्वांत अधिक श्रम त्यांना हातच्यानें दिले. ९९९९९९ मध्यें १ मिळविला कीं हातचा एका घरांतून दुसऱ्यांत असा शेवटपर्यंत सरकत जातो. पन्नास आंकड्यांच्या संख्येंत त्यासाठीं यंत्र किती खोळंबेल? म्हणून कोणकोणत्या घरांत हातचा लागणार हें आधींच ओळखून सर्व हातचे एकदम देणारी रचना त्यांनीं शोधून काढली. पहिलीदुसरींतील मुलांना जें संकट वाटतें, त्यानेंच ह्या थोर गणित्याला सर्वांहून अधिक छळलें, हें वाचून आमच्या लहान वाचकांस धीर येईल.

इंग्लंडपेक्षां बाहेर ह्या कल्पनेचें कौतुक आधीं झालें. १८४० सालीं इटालींतील तुरीन येथें त्यांनीं विद्वानांपुढें तिचें विवरण केलें. तेथील मेनाब्रिया नांवाच्या एका लष्करी इंजिनियरानें १८४२ सालीं तिच्यावर फ्रेंच भाषेंत निबंध लिहिला; हेच गृहस्थ पुढें इटालीचे मुख्य प्रधान झाले. त्या निबंधाचें इंग्रजी भाषांतर कवि बायरन ह्यांची कन्या एडा, लव्हलेसच्या सरदाराची पत्नी, हिनें १८४३ सालीं केलें, आणि त्यास जोडलेल्या तिच्या टिपा मूळ निबंधाच्या जवळजवळ तिप्पट भरल्या. बर्नोलीच्या संख्या काढण्याचे हुकूम यंत्रास कोणत्या क्रमानें द्यावे, हें तिनें एका टिपेंत कोष्टकरूपानें मांडलें. शिवाय हें यंत्र केवळ संख्यांवर नव्हे, तर नियमांनीं बांधलेल्या स्वरांसारख्या वस्तूंवरहि काम करूं शकेल, हें तिनें ओळखलें. ज्या मुली गणिताला भितात त्यांनीं ही बाई ध्यानांत ठेवावी. ती १८५२ सालीं अवघ्या ३६ व्या वर्षीं वारली.

सरकारचा धीर मात्र संपला होता. १८४२ सालीं मुख्य प्रधान सर रॉबर्ट पील ह्यांच्या मंत्रिमंडळानें फरकयंत्राचा नाद सोडला. बॅबेज ह्यांनीं पीलची भेट घेतली, पण यंत्राची उपयुक्तता पटवून देण्याऐवजीं आपणांवर झालेल्या अन्यायांचाच पाढा वाचला, आणि रिकाम्या हातांनीं परत आले. ह्यांत सर्व दोष सरकारचा, असें पुष्कळ चरित्रकार लिहितात. आम्हांस तसें वाटत नाहीं. दहा वर्षें पैसे पुरविल्यावर, पहिलें यंत्र अर्धवट असतांना, त्याहून चांगलें यंत्र आतां माझ्या डोक्यांत आहे असें ज्यास ऐकावें लागलें, त्या प्रधानानें काय करावें? बॅबेज ह्यांना चांगल्याहून अधिक चांगलें सतत दिसत असे. हा त्यांचा मोठा गुण, आणि त्यानेंच त्यांच्या हातचें प्रत्येक काम अपुरें ठेविलें. शिवाय कारागीर, मंत्री, विद्वत्सभा, कोणाशींच त्यांचें फार काळ जुळलें नाहीं. उलट, मत्सर मात्र त्यांच्या ठायीं नव्हता. स्वीडनमधील शॉइट्स ह्या बापलेकांनीं त्यांच्याच कल्पनेवरून एक फरकयंत्र १८५३ सालीं पुरें केलें, तेव्हां त्यांनीं त्यांचें मनापासून स्वागत केलें व त्यांच्या सन्मानासाठीं खटपट केली.

विश्लेषकयंत्राच्या अभ्यासानें सुचलेल्या सुधारणा घालून त्यांनीं १८४० नंतरच्या दशकांत दुसऱ्या फरकयंत्राचे नकाशे काढले. हें यंत्र पहिल्याच्या सुमारे एकतृतीयांश भागांत होणारें होतें. १८५२ सालीं ते नकाशे त्यांनीं सरकारास देऊं केले. सरकारनें खर्चाची सबब सांगून ते नाकारले, व नकाशे गुंडाळून ठेवण्यांत आले.

वृद्धपणीं ते एकाकी व चिडखोर झाले. घराखालीं पेटी वाजवीत फिरणाऱ्या वादकांशीं त्यांचें हाडवैर जडलें, आणि टवाळ लोक मुद्दाम वादकांना त्यांच्या दारीं पाठवूं लागले. १८६४ सालीं त्यांनीं आपल्या आयुष्याच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. १८ ऑक्टोबर १८७१ रोजीं लंडन येथें त्यांचें देहावसान झालें. प्रेतयात्रेस फार माणसें नव्हतीं.

त्यांचे नकाशे व कारखाना धाकटे पुत्र हेन्री ह्यांजकडे आले. हेन्री हिंदुस्थानांत बंगालच्या फौजेंत अधिकारी होते. नोकरींतून निवृत्त झाल्यावर त्यांनीं वडिलांचें काम हातीं घेतलें. राहिलेल्या भागांतून त्यांनीं पहिल्या यंत्राचे लहान लहान नमुने जुळवून विद्यापीठांना पाठविले, व १९१० सालापर्यंत विश्लेषकयंत्राची थोडी गिरणी आणि मुद्रणाचा भाग बांधून पाय ह्या संख्येच्या पटी छापून दाखविल्या, जरी त्यांत कांहीं चुका राहिल्या. त्या नमुन्यांपैकीं एक अमेरिकेंत हार्वर्ड येथें पडून होता. तो पुढें हॉवर्ड एकन ह्यांच्या दृष्टीस पडला, आणि त्यांच्याच योजनेवरून १९४४ सालीं हार्वर्डमध्यें विजेवर चालणारें मोठें गणकयंत्र सुरू झालें.

दुसऱ्या फरकयंत्राचे नकाशे लंडनच्या विज्ञान-संग्रहालयांत होते. बॅबेज ह्यांच्या द्विशतसांवत्सरिक जन्मोत्सवासाठीं तेथील मंडळींनीं ते यंत्र बांधावयास घेतलें, आणि त्यांच्या काळच्या कारागिरांना साधली असती तेवढीच अचूकता भागांत ठेविली. म्हणजे हें काम त्या काळीं होणें शक्य होतें कीं नाहीं, ह्याचा निकाल लागावा. १९९१ च्या नोव्हेंबरांत, जन्मदिनाच्या महिनाभर आधीं, त्यानें पहिला संपूर्ण हिशेब केला, आणि तो बिनचूक आला. मुद्रणाचा भाग राहिला होता, तो २००२ सालीं पुरा झाला. सर्व मिळून सुमारे ८,००० भाग, वजन पांच टन, आणि त्यांतील निम्मे भाग केवळ छापण्याचे. दांडा फिरविला कीं स्तंभावर ३१ आंकड्यांचें उत्तर उभें राहतें, तें कागदावर उमटतें, आणि शेजारच्या ओल्या प्लॅस्टरच्या तबकांत त्याचा ठसाहि उठतो. ओळींमधील अंतर, रकाने व समास यंत्र आपलें आपण राखतें. १८३२ सालचा तो जुना तुकडाहि त्याच संग्रहालयाच्या मालकीचा आहे, आणि चार्लस बॅबेज ह्यांच्या मेंदूचा अर्धा भागहि. उरलेला अर्धा लंडनमध्येंच शस्त्रवैद्यांच्या कॉलेजाच्या संग्रहांत जतन करून ठेविलेला आहे.